डी-१२ ची इजा, स्टेम सेलचं इंजेक्शन आणि खरं संशोधन: तासगावच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा २७ वर्षांचा भाऊ साडेचार महिन्यांपूर्वी आंब्याच्या झाडावरून पडला. डी-१२ म्हणजे छातीच्या शेवटच्या मणक्याचं बर्स्ट फ्रॅक्चर झालं (हाड दबून फुटलं), दुसऱ्या दिवशी मिरजेत स्क्रू-रॉडचं ऑपरेशन झालं. कमरेखाली हालचाल नाही, लघवीला नळी आहे, फाईलवर ‘एशिया ग्रेड ए’ लिहिलंय, म्हणजे मज्जारज्जूच्या इजेच्या ए ते ई या मापातली सगळ्यात गंभीर, पूर्ण इजा. मोठ्या शहरातल्या एका सेंटरनं स्टेम सेलच्या तीन इंजेक्शनांचे साडेपाच लाख सांगितलेत आणि घरचे ट्रॅक्टर विकायला निघालेत. इंजेक्शन घ्यावं का, परदेशात उपचार निघालाय म्हणतात ते खरं का, आणि भारतातल्या एखाद्या चाचणीत भावाचं नाव कसं घालायचं, असं त्या विचारतात.

ताई, पहिलं उत्तर आधी देतो: ट्रॅक्टर विकू नका आणि ते इंजेक्शन सध्या घेऊ नका. कारणं सविस्तर सांगतो, कारण घरात चार माणसं चार बाजूंनी बोलत असणार आणि तुम्हाला त्यांना समजावून सांगावं लागणार.

मज्जारज्जूला मार बसल्यावर शरीर स्वतःहून काही प्रमाणात सावरतं, आणि सगळं संशोधन याच मुद्द्याशी अडतं. इजेनंतरच्या पहिल्या तपासणीत ‘ए’ ठरलेल्या रुग्णांपैकी साधारण ८० टक्के वर्षानंतरही ‘ए’च राहतात. सुमारे १० टक्के ‘बी’मध्ये जातात, म्हणजे संवेदना थोडी परत येते, आणि सुमारे १० टक्क्यांत थोडीफार हालचालही येते. ही सुधारणा कुठल्याही खास औषधाशिवाय होते. तिचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, उरलेला हळूहळू दीड वर्षापर्यंत चालू राहतो. आता समजा एखाद्या सेंटरनं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या वीस जणांना इंजेक्शनं दिली आणि त्यातल्या तिघांना पायात काहीतरी जाणवू लागलं. तर ते इंजेक्शनामुळे की आपोआप, हे त्या सेंटरलाही सांगता येणार नाही. ते सांगता येतं फक्त एकाच पद्धतीनं: सारख्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला नेहमीचाच उपचार चालू ठेवायचा, आणि तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे ते कळू द्यायचं नाही. मोबाईलवर पाठवलेले ‘आधी-नंतर’चे व्हिडिओ या कसोटीत बसत नाहीत, मग त्यातला मुलगा खरोखर उभा राहिलेला असला तरी.

इंजेक्शनाचा विचार करण्याआधी फाईलवरचं ‘ए’ पक्कं आहे का ते तपासून घ्या. एशिया तपासणीत दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी २८ जागांवर कापसानं आणि टाचणीनं संवेदना बघतात, आणि हातापायांचे प्रत्येक बाजूचे १० ठरावीक स्नायू शून्य ते पाच या मापावर तपासतात. पण ‘ए’ की ‘ए’ नाही हे ठरतं गुदद्वारापाशी. तिथल्या त्वचेवर कापूस किंवा टाचणी कळते का, हातमोजा घातलेलं बोट आत घालून दाब दिला तर रुग्णाला समजतं का, आणि ‘संडास रोखून धर’ म्हटल्यावर तो स्नायू आवळता येतो का. यातलं एक जरी ‘हो’ असलं तरी रुग्ण ‘ए’ नसतो. संकोचामुळे किंवा घाईत ही शेवटची तपासणी राहून जाते, आणि पाय हलत नाहीत एवढ्यावरून ‘ए’ लिहिलं जातं. शिवाय पहिल्या दोन-तीन दिवसांत स्पायनल शॉक असतो (इजेखालचा मज्जारज्जू काही काळ पूर्ण गप्प होतो), वेदनाशामकांची गुंगी असते, त्यामुळे तेव्हाची नोंद कच्चीच धरायची. फिजिओथेरपिस्ट किंवा पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडून पूर्ण तक्ता भरून घ्या आणि त्यावर तारीख घाला. ‘बी’ निघाला तर पुढचं सगळं गणित बदलतं, कारण ‘बी’वाल्यांची हालचाल परत येण्याची शक्यता ‘ए’वाल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची, आणि याबद्दल तुम्हाला बहुधा कोणी सांगितलेलं नसेल. मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या शेवटपर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो एल-१, एल-२ या कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या आसपास संपतो आणि खाली नसांचा झुपका उरतो. म्हणून डी-१२ चं हाड फुटतं तेव्हा मार बसतो तो मज्जारज्जूच्या शेंड्याला, म्हणजे पाय, मूत्राशय आणि गुदाशय यांना थेट नसा पुरवणाऱ्या भागाला, आणि त्याच्या शेजारून खाली उतरणाऱ्या नसांच्या मुळांना. छातीच्या पातळीवर, समजा डी-५ ला, इजा झाली तर खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, फक्त मेंदूशी संपर्क तुटलेला असतो. तिथे पाय कडक होतात, झटके येतात. शेंड्यालाच इजा झाली तर पाय ढिले पडतात, मांड्या भराभर बारीक होतात, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. साडेचार महिन्यांनी स्पायनल शॉक ओसरलेला असतो, त्यामुळे आता हा फरक नीट कळतो. डॉक्टरांना तीन गोष्टी लिहून द्यायला सांगा: गुडघ्याचा प्रतिक्षेप (हातोडी मारल्यावर पाय आपोआप उडणं) आहे का, घोट्याचा आहे का, आणि गुदद्वाराजवळ टोचल्यावर तिथला स्नायू आपोआप आवळतो का.

साधा फिजिओथेरपी दवाखानाही यात मदत करू शकतो. तिथे विजेच्या यंत्रावर फॅराडिक आणि गॅल्व्हॅनिक असे दोन करंट असतात. फॅराडिकचा झटका मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून लहान असतो आणि तो नसेमार्फत स्नायू हलवतो. नस मेलेली असेल तर फॅराडिकला स्नायू हूं की चूं करत नाही, गॅल्व्हॅनिकच्या लांब झटक्याला मात्र गांडुळासारखा सावकाश आकसतो. मांडी, पोटरी आणि नडगीचा पुढचा स्नायू असे वेगवेगळे तपासून घ्या. एखादा स्नायू फॅराडिकला हलला, तर त्याची नस मज्जारज्जूपासून खाली स्नायूपर्यंत शाबूत आहे.

याच इजेत एक खरी आशाही आहे. डी-१२ जवळून खाली जाणारी एल-२, एल-३ ची मुळं मज्जारज्जूचा भाग नसून परिघीय नसांसारखी वागतात, आणि अशा नसा वाढू शकतात, दिवसाला अंदाजे १ मिलिमीटर या वेगानं. त्यामुळे मांडी पोटाकडे ओढणारा स्नायू आणि गुडघा सरळ करणारा स्नायू वर्ष-दीड वर्षातसुद्धा थोडे परत येऊ शकतात. घोटा आणि पाऊल लांब आहेत, तिथे ही शक्यता खूपच कमी. म्हणून दर महिन्याला एकाच पद्धतीनं तपासा. त्याला एका कुशीवर झोपवा, वरचा पाय फिजिओथेरपिस्टनं हातावर तोलून धरायचा, मग मांडी पोटाकडे ओढायला आणि गुडघा सरळ करायला सांगायचं. पाय हवेत उचलायला लावून तपासलं तर ग्रेड १ आणि २ ची ताकद दिसतच नाही आणि घरचे ‘काहीच नाही’ म्हणून सोडून देतात. गुडघा सरळ करणारा स्नायू पुढे ग्रेड ३ च्या वर गेला, तर घोट्याला स्प्लिंट आणि हातात काठ्या घेऊन चालण्याची भाषा करता येते. हे कुठल्याही इंजेक्शनाशिवाय घडतं, आणि नेमकं याच काळात इंजेक्शन घेतलं तर श्रेय इंजेक्शनाला जातं.

आता परदेशातल्या उपचारांबद्दल. गेल्या ३५ वर्षांत या क्षेत्रात प्रामाणिक आणि महागडं काम खूप झालंय, आणि त्यातलं बरंचसं शेवटच्या टप्प्यावर निकामी ठरलंय. हे कळल्याशिवाय नवीन बातमी कशी वाचायची ते कळत नाही.

मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घ्या. १९९० च्या अमेरिकन चाचणीत ४८७ रुग्ण होते. किलोमागे ३० मिलिग्रॅमचा पहिला डोस आणि मग २३ तास दर तासाला किलोमागे ५.४ मिलिग्रॅम. सगळ्या रुग्णांचा मिळून फायदा दिसला नाही. आठ तासांच्या आत औषध मिळालेल्यांना वेगळं काढल्यावर थोडा दिसला, आणि तेवढ्यावर ते जगभर सुरू झालं. पुढे जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, जठरातला रक्तस्राव यांची नोंद वाढत गेली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनच्या संघटनांनी ते वापरू नये असं सांगितलं. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेनं आठ तासांच्या आतल्या रुग्णांसाठी २४ तासांचा पर्याय उघडा ठेवला. तुमच्या भावासाठी ती वेळ गेलेली आहे, त्यामुळे आता कोणी ‘स्टिरॉइडचा कोर्स’ म्हणालं तर त्याला आधार नाही.

जीएम-१ गँग्लिओसाइडचंही तसंच. पहिल्या छोट्या चाचणीत निकाल झकास होता. मग सातशेहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी झाली, २००१ मध्ये निकाल आला, आणि सहा महिन्यांच्या मुख्य कसोटीवर फरक दिसला नाही. सुरुवातीचा वेग जरा जास्त होता, शेवट सारखाच. रिलुझोल या गोळीची चाचणी ३५१ रुग्णांसाठी आखली होती, कोविडच्या काळात १९३ वर थांबवावी लागली आणि मुख्य निकाल सिद्ध झाला नाही. मज्जातंतूंची वाढ रोखणाऱ्या ‘नोगो’ या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड युरोपात मानेच्या इजेच्या सव्वाशेच्या आसपास रुग्णांना पाठीच्या पाण्यातून, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून, सहा वेळा दिलं. २०२४ अखेर प्रसिद्ध झालेल्या निकालात एकूण गटात फरक नव्हता. थोडी हालचाल शिल्लक असलेल्यांमध्ये फायद्याची चिन्हं होती आणि पुढचं काम त्या दिशेनं चाललंय. मला या चाचणीबद्दल आदर वाटतो, कारण निराशाजनक निकालही तिनं पूर्ण छापला.

चांगलं सिद्ध झालेलं म्हणायचं तर लवकर शस्त्रक्रिया. मानेच्या इजेच्या ३१३ रुग्णांच्या २०१२ च्या अभ्यासात २४ तासांच्या आत दाब काढलेल्यांपैकी १९.८ टक्के दोन किंवा अधिक ग्रेड सुधारले, उशिरा झालेल्यांपैकी ८.८ टक्के. (यात चिठ्ठी टाकून गट पाडले नव्हते, तरी पुढच्या अभ्यासांनी दिशा तीच दाखवली.) म्हणून आटपाडी-जतकडच्या माणसाला मी एवढंच सांगतो की पडलेल्या माणसाला फळीवर सरळ ठेवून थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी न्या, वाटेत तीन दवाखाने फिरवू नका.

स्टेम सेलकडे येतो. गर्भपेशींपासून बनवलेल्या पेशी पहिल्यांदा माणसाच्या मज्जारज्जूत घातल्या त्या २०१० मध्ये, जेरॉन या अमेरिकन कंपनीनं. पाच रुग्णांनंतर २०११ मध्ये कंपनीनं पैशाच्या कारणानं ते काम सोडलं. त्याच पेशी पुढे मानेच्या इजेच्या २५ रुग्णांना दिल्या गेल्या, सुरक्षितता समाधानकारक निघाली, परिणामकारकता अजून सिद्ध व्हायचीय. दुसऱ्या एका कंपनीनं मेंदूपेशींची चाचणी २०१६ मध्ये अर्ध्यावर बंद केली, कारण परिणाम पुरेसा दिसत नव्हता. कोरियात त्याच वर्षी जुन्या इजेच्या १६ रुग्णांच्या मज्जारज्जूत त्यांच्याच अस्थिमज्जेच्या पेशी घातल्याचा निकाल आला. फक्त दोघांत हालचालीचा फरक पडला.

आपल्याकडेही काम झालंय आणि ते लोकांना माहीत नसतं. दिल्लीच्या वसंत कुंजमधल्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरनं पाच जुन्या रुग्णांच्या मज्जारज्जूत नाकातल्या वासाच्या पडद्याचे तुकडे बसवून २००९ मध्ये निकाल छापला, आणि नंतर ताज्या इजेच्या २१ रुग्णांत अस्थिमज्जेच्या पेशींचा निकाल २०१६ मध्ये छापला. दोन्हींत ठोस फायदा दिसला नाही, आणि तसं त्यांनी स्वच्छ लिहिलं. तुम्हाला साडेपाच लाखांना देऊ केलेल्या इंजेक्शनात बहुतेक याच जातीच्या अस्थिमज्जेच्या पेशी असतात. कमरेचं हाड टोचून मज्जा काढायची, यंत्रात फिरवायची आणि पाठीच्या पाण्यात सोडायची. इजेच्या जागी त्या किती पोचतात आणि किती टिकतात याचा हिशेब विचारा, उत्तर मिळणार नाही.

‘परदेशात उपचार निघालाय’ म्हणून फिरते ती बहुतेक जपानची बातमी, आणि ती दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ आहे. एक, सप्पोरोच्या विद्यापीठात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून शिरेतून देण्याचा उपचार. डिसेंबर २०१८ मध्ये त्याला सात वर्षांपर्यंतची सशर्त परवानगी मिळाली, ती १३ रुग्णांच्या अभ्यासावर, ज्यात तुलनेचा गटच नव्हता. म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांनी टीका केली. इजा ताजी असतानाच तो देतात. दुसरी, केयो विद्यापीठाची चाचणी. आयपीएस पेशींपासून (मोठ्या माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत बदलून केलेल्या स्टेम सेल) बनवलेल्या २० लाख पेशी, इजेनंतर दोन ते चार आठवड्यांत, थेट मज्जारज्जूत. पहिला रुग्ण डिसेंबर २०२१ मध्ये. मार्च २०२५ मध्ये चार रुग्णांचा निकाल जाहीर झाला: गंभीर दुष्परिणाम नाही, दोघांत हालचाल सुधारली, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू शकला. बातमी आनंदाची आहे. पण चारपैकी दोन म्हणजे किती आपोआप आणि किती पेशींमुळे, हे चार माणसांवरून ठरत नाही, आणि ते संशोधकही तसा दावा करत नाहीत.

आणि धोका? पाठीच्या पाण्यात सुई घातल्यावर डोकेदुखी आणि मेंदूज्वर हे जवळचे धोके. दूरचा धोका उशिरा दिसतो. पोर्तुगालमध्ये नाकातल्या पडद्याचं रोपण करून घेतलेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत आठ वर्षांनी गाठ सापडली, ती कापून काढल्यावर आत नाकासारखीच ऊती आणि चिकट शेंबूड होता. २०१४ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात आलं. सगळ्यांना असं होत नाही, पण एकदा घातलेल्या पेशी परत काढता येत नाहीत.

याहून नक्की होणारं नुकसान वेगळं आहे. जवळजवळ प्रत्येक पेशी-चाचणीच्या अपात्रतेच्या यादीत ‘यापूर्वी पेशी-उपचार घेतलेला’ ही ओळ असते. कारण सरळ आहे: आधी काय घातलं ते माहीत नसेल तर नंतरच्या बदलाचा अर्थ लावता येत नाही. पाच वर्षांनी एखादी खरी चाचणी पुण्यात, दिल्लीत किंवा वेल्लोरला सुरू झाली, तर आजच्या इंजेक्शनामुळे भावाचं नाव पहिल्याच चाळणीत गळेल. २७ व्या वर्षी ही किंमत साडेपाच लाखांहून मोठी आहे.

कायद्याचं बघाल तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शक सूचनांनुसार अस्थिमज्जा-रक्तपेशींचं प्रत्यारोपण रक्ताच्या व तत्सम ठरावीक आजारांसाठी मान्य आहे. मज्जारज्जूच्या इजेसाठी पेशी देणं हे संशोधन आहे आणि ते मंजूर चाचणीतच व्हायला हवं. संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो. ‘तुमच्याच शरीरातल्या पेशी आहेत, हे औषध नव्हे’ हा सेंटरचा युक्तिवाद या सूचनांपुढे टिकत नाही. चाचणी आहे म्हणाले तर पैसे का, आणि उपचार आहे म्हणाले तर मान्यता कुठे, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

विजेच्या उत्तेजनाचं काम मला सध्या सगळ्यात भरवशाचं वाटतं. अमेरिकेतलं लुइव्हिल आणि मेयो क्लिनिक, तसंच स्वित्झर्लंडमधलं लोझान इथे मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोडची पट्टी बसवून, सोबत महिनोन्महिने सराव करून, २०१८ मध्ये काही जुने रुग्ण पावलं टाकू शकले. २०२२ मध्ये लोझानच्या गटानं पूर्ण लकवा असलेल्या तिघांत पट्टी चालू केल्याच्या दिवशीच पायांची हालचाल दाखवली. रोजच्या जगण्यातलं चालणं अजून यातून मिळालेलं नाही, तेही आधाराचं आणि थकवणारं असतं. मानेच्या इजेसाठी त्वचेवरूनच उत्तेजन देणाऱ्या यंत्राची चाचणी ६० जणांत झाली, ७२ टक्क्यांत हाताची ताकद आणि वापर दोन्ही सुधारले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पण पायांसाठीच्या या पट्ट्या इजेखालच्या जिवंत मज्जारज्जूलाच जागं करतात. तुमच्या भावाचा शेंडाच चिरडला असेल, प्रतिक्षेप नसतील, फॅराडिकला स्नायू हलत नसतील, तर या यंत्राला जागं करायला खाली काही उरत नाही. म्हणून वरची तपासणी आधी.

चाचण्यांत डी-१२ वाल्यांना जागा कमी का, याचंही उत्तर इथेच आहे. एशियाचे ठरावीक स्नायू मानेच्या सी-५ ते टी-१ आणि कमरेच्या एल-२ ते एस-१ या पातळ्यांचे आहेत (सी म्हणजे मान, टी म्हणजे छाती, म्हणजे आपल्या फाईलवरचा डी, आणि एस म्हणजे माकडहाडाच्या वरचा भाग). मधल्या छातीच्या भागाला मोजायला स्नायूच नाही. मानेत औषधानं एक पातळी जरी वाचवली तरी मनगट वर उचलता येतं आणि ते आकड्यात दिसतं. छातीत तेवढाच फायदा झाला तर तो मोजताच येत नाही. आणि शेंड्याच्या इजेत मज्जारज्जू व नसा मिसळलेल्या असल्यामुळे निकाल गढूळ होतो, म्हणून तिला बहुतेक ठिकाणी वगळतात. जेरॉनची पहिली चाचणी टी-३ ते टी-११ पुरतीच होती, केयोची टी-१० पर्यंत.

नस मेलेल्या स्नायूंसाठी मात्र एक काम झालंय, त्याची चर्चा फार होत नाही. व्हिएन्नाच्या गटानं पूर्ण ढिले पाय असलेल्या रुग्णांना घरी वापरायला खास यंत्र दिलं, ज्याचा झटका १२० ते १५० मिलिसेकंद लांब असतो. २५ जणांनी सुरू केलं, २० जणांनी दोन वर्षं पूर्ण केली, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचं क्षेत्रफळ सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलं. यानं चालता येत नाही, पण मांडीची गादी टिकते, बसल्यावर हाड टोचत नाही, दाबामुळे होणारे व्रण कमी होतात. बाजारातल्या साध्या टेन्स यंत्राचा (दुखणं कमी करायला वापरतात ते विजेचं छोटं यंत्र) झटका याच्या शेकडो पट लहान असतो, त्यातून हे होत नाही. आणि संवेदना नसलेल्या त्वचेवर गॅल्व्हॅनिकनं भाजतं, त्यामुळे घरी स्वतःहून प्रयोग नको.

चाचणी शोधायची ती सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर. २००९ पासून भारतातल्या प्रत्येक औषध-चाचणीला तिथे नोंदणी सक्तीची आहे. शोधाच्या चौकटीत स्पायनल कॉर्ड इंज्युरी हे इंग्रजीत टाका. एकेक नोंद उघडून पाच गोष्टी वहीत उतरवा: भरती चालू आहे की संपली, कुठल्या शहरात, इजेनंतर किती दिवसांचे रुग्ण घेतात, कुठली पातळी आणि ग्रेड, आणि मुख्य निकाल कशावर मोजणार. नैतिकता समितीची मंजुरी आणि लागू असेल तिथे औषध नियंत्रकांची परवानगी त्याच पानावर दिसते. फक्त नोंदणी क्रमांक असणं म्हणजे सरकारनं उपचार मान्य केला असं नव्हे. काही सेंटरं तोच क्रमांक पाटीवर लावतात. फिजिओथेरपी, मूत्राशय, वेदना यांवरच्या चाचण्याही बघा. त्यांत डी-१२ च्या रुग्णाला जागा मिळण्याची शक्यता पेशींच्या चाचणीपेक्षा जास्त असते.

नाव लागलं तर माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी आणून दोन दिवस वाचा. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. ती रक्कम कोण देणार, कधीही बाहेर पडता येतं का, तुलनेच्या गटात गेल्यास पुढे उपचार मिळेल का, येण्याजाण्याचा खर्च मिळतो का, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायला तिची मुक्त संमती आणि दिव्यांगविषयक संशोधन समितीची पूर्वपरवानगी लागते. सही भावाची. वडिलांनी त्याच्या वतीनं होकार देऊन टाकायचा नाही, त्याचं डोकं शाबूत आहे.

तोवर शरीर पात्र ठेवायचं. चाचणीतून लोक गळतात ते बहुतेकदा व्रण, वारंवार मूत्रसंसर्ग आणि आखडलेल्या सांध्यांमुळे. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची. व्हीलचेअरवर दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवून पूर्ण दोन मिनिटं थांबायचं. हातावर उचलून पाच सेकंदांत खाली बसलं तर रक्तपुरवठा परत यायच्या आत दाब पुन्हा पडतो. कायमची नळी काढून दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ कॅथेटरनं लघवी काढण्याची पद्धत डॉक्टरांकडून शिका. एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर साठू द्यायचं नाही. मूत्राशय ढिलं असेल तर पोट दाबून लघवी काढायचा मोह होतो, त्यानं लघवी मूत्रपिंडाकडे उलटी जाऊ शकते आणि पुढे मूत्रपिंड बिघडू शकतं. संडासासाठी ढिल्या आतड्यात सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची गोळी) सहसा काम करत नाही. शौच जरा घट्ट ठेवून ठरलेल्या वेळी हातमोजा घालून काढणं हीच पद्धत. मालिश करणाऱ्याला गुडघा जोरात वाकवू देऊ नका, हाडं ठिसूळ झालेली असतात आणि मांडीचं हाड गुडघ्याजवळ मोडतं, दुखत नसल्यामुळे सूज आल्यावरच कळतं. गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही, आणि मोटारसायकलवर बसवलं तर तापलेल्या सायलेन्सरपासून पाय जपा.

एक फाईल करा: ऑपरेशनआधीच्या एमआरआयची सीडी (नुसता रिपोर्ट चालत नाही), ऑपरेशनची नोंद, स्क्रू-रॉडवरचा स्टिकर, सगळे एशिया तक्ते तारखेनुसार, मूत्राशयाची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी). स्टिकर मागून घ्याच. टायटॅनियम असेल तर पुढचे एमआरआय बरे दिसतात, स्टीलनं इजेची जागाच काळवंडते आणि चाचणीत नकार मिळू शकतो. साध्या पुनर्वसनासाठी वेल्लोरचं सीएमसी, मुंबईत हाजी अलीची राष्ट्रीय पुनर्वसन संस्था किंवा दिल्लीचं वर सांगितलेलं केंद्र यांपैकी एका ठिकाणी एकदा भरती होऊन या. दिल्लीसाठी मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट जाते, दिव्यांग सवलतीसाठी लागणारा रेल्वेचा दाखला आधी काढून ठेवा. खर्च करायचाच असेल तर मापाची व्हीलचेअर, चांगली उशी, कॅथेटर आणि घरातला रुंद दरवाज्याचा संडास इथे करा. पुढच्या महिन्यात फॅराडिकचा निकाल, तीन प्रतिक्षेप आणि नवीन एशिया तक्ता हाती आला की तेवढे आकडे कळवा. कुठल्या चाचण्यांच्या यादीत शोधायचं आणि कुठल्या सोडून द्यायच्या, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.